संपादकाची तलवार आणि वाचकाचा खुलासा

पॅरिस शहराच्या पूर्वेस व्हँसेनचे जंगल आहे. २२ जुलै १८३६ रोजी सकाळी या जंगलात दोन संपादक हातात पिस्तुले घेऊन एकमेकांसमोर उभे राहिले. एक आर्मां कारेल. ‘ल नासिओनाल’ या प्रजासत्ताकवादी दैनिकाचा संपादक. दुसरा एमिल द जिरार्दँ. त्याने तीनच आठवड्यांपूर्वी, १ जुलैला, ‘ला प्रेस’ नावाचे नवे दैनिक काढले होते. दोघांच्याही गोळ्या लागल्या. जिरार्दँच्या मांडीत गोळी शिरली, कारेलच्या ओटीपोटात. जिरार्दँ वाचला. कारेल दोन दिवसांनी मरण पावला. त्याचे वय अवघे छत्तीस वर्षांचे होते.

भांडणाचे मूळ होते वर्गणीत. त्या काळी पॅरिसच्या दैनिकाची वार्षिक वर्गणी ऐंशी फ्रँक असे, म्हणजे वृत्तपत्र वाचणे ही सुखवस्तू माणसाचीच चैन होती. जिरार्दँने ती एकदम चाळीस फ्रँकांवर आणली आणि उरलेला खर्च जाहिरातींतून भागवण्याचे ठरवले. जुन्या पत्रकारांना यात व्यवसायाचा अधःपात दिसला. वृत्तपत्र हे मताचे पीठ. ते आता दुकानदाराच्या दारातली पायरी होणार, अशी त्यांची भावना झाली. एका पत्राने तसे लिहिले, जिरार्दँने त्या पत्रावर फिर्याद केली, कारेलने त्या पत्राची बाजू घेतली, आणि जिरार्दँने उलट प्रतिस्पर्ध्यांच्या खासगी व्यवहारांचा उल्लेख करण्याची भाषा केली. मध्यस्थांच्या वाटाघाटी फिसकटल्या आणि पिस्तुले निघाली.

जाहिरातीच्या पैशावर जगणारे वृत्तपत्र निर्भीड राहू शकते काय, हा प्रश्न खरा होता. आजही तो तितकाच खरा आहे. व्हँसेनच्या जंगलात त्याचे उत्तर मिळाले नाही. मिळणे शक्यही नव्हते. कारेल मेला म्हणून स्वस्त वृत्तपत्राविरुद्धचे त्याचे म्हणणे खोटे ठरले नाही, आणि जिरार्दँ जगला म्हणून त्याचे खरे ठरले नाही. पुढे सर्वच वृत्तपत्रे जिरार्दँच्या वाटेने गेली, ती बाजाराच्या हिशेबाने. स्वतः जिरार्दँने त्यानंतर पुन्हा कधी द्वंद्वयुद्ध केले नाही, आणि १८४८ मध्ये कारेलच्या समाधीपाशी भरलेल्या समारंभात ही प्रथाच बंद व्हावी, अशी जाहीर मागणी केली.

प्रथा मात्र वाढतच गेली. ज्या वर्षी कारेल मेला त्याच १८३६ साली शातोव्हियार नावाच्या एका सरदाराने द्वंद्वयुद्धाची सविस्तर संहिता छापून प्रसिद्ध केली. अपमान किती प्रकारचा, आव्हान किती अवधीत द्यावे, हत्याराची निवड कोणी करावी, साक्षींची कर्तव्ये कोणती, हे सारे तीत कलमवार आले. एकीकडे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच वर्षी, १८३७ मध्ये, द्वंद्वयुद्धात झालेली हत्या ही कायद्याच्या दृष्टीने हत्याच होय, असा निर्णय दिला. दुसरीकडे ज्युरीतले प्रतिष्ठित गृहस्थ आरोपींना बहुधा सोडून देत राहिले. सरकारचा कायदा पुस्तकात होता. प्रतिष्ठेचा कायदा चार माणसांत होता, आणि चार माणसांतला कायदा नेहमीच अधिक कडक असतो, हे आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगायला नको.

या प्रथेला खरा बहर आला तो वृत्तपत्रस्वातंत्र्यानंतर, ही त्यातली विलक्षण गोष्ट. २९ जुलै १८८१ च्या कायद्याने फ्रान्समध्ये छपाई मोकळी झाली. वृत्तपत्रांची संख्या वाढली, भाषा सुटली आणि कोणाच्याही चारित्र्यावर काहीही लिहिले जाऊ लागले. ज्याच्याविषयी लिहिले गेले त्याने न्यायालयात जावे, ही वाट होतीच. पण अब्रूची किंमत फ्रँकांत मागणे हे सद्गृहस्थाला कमीपणाचे वाटे. तो दोन मित्रांना संपादकाच्या कचेरीत धाडी. संपादकही आपले दोन मित्र नेमी. हे चौघे साक्षी बसून ठरवीत की लेखात अपमान झाला आहे किंवा नाही. झाला असल्यास तलवार की पिस्तूल. पहिले रक्त निघताच थांबायचे की पुढे जायचे. मग पहाटे शहराबाहेर भेट, सोबत डॉक्टर, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंच्या साक्षींच्या सहीचा वृत्तान्त वृत्तपत्रात. काही पत्रांनी तर कचेरीतच तलवारबाजीची तालीम उघडली होती. संपादक व्हायचे तर व्याकरणाइतकाच मनगटाचा सराव हवा.

यातील पुष्कळशी युद्धे लुटुपुटीची असत. हाताला ओरखडा, की प्रतिष्ठा राखली गेली. मार्क ट्वेनने या फ्रेंच युद्धांची यथेच्छ टवाळी केली, ती अकारण नव्हे. क्लेमांसोसारखा पत्रकार-राजकारणी आयुष्यात सुमारे डझनभर वेळा मैदानात उतरला आणि तरी पहिल्या महायुद्धात देशाचा पंतप्रधान होण्यासाठी धडधाकट उरला. तथापि या नाटकात मधूनच एखादा प्रवेश असा येई की हसू थिजून जावे. एदुआर द्र्यूमों हा ज्यूद्वेष्टा लेखक. १८८६ मध्ये ‘ल गोलुआ’ या दैनिकाचा ज्यू संपादक आर्थर मेयर याने त्याला आव्हान दिले. चकमकीत मेयरने प्रतिस्पर्ध्याची तलवार डाव्या हाताने धरली आणि उजव्या हाताने वार केला. संहितेत हे महापाप होते. द्र्यूमोंने ज्यूंविषयी पानेच्या पाने जे विष पसरवले होते त्याची चर्चा मागे पडली. पॅरिसभर चर्चा चालली ती मेयरच्या डाव्या हाताची.

सहा वर्षांनी, १८९२ मध्ये, याच द्र्यूमोंने ‘ला लिब्र पारोल’ हे दैनिक काढले आणि फ्रेंच सैन्यातील ज्यू अधिकाऱ्यांच्या निष्ठेवर लेखमाला सुरू केली. अपमानित अधिकाऱ्यांची आव्हाने गेली. त्या मालिकेत २३ जून रोजी आर्मां मेयर नावाचा ज्यू कॅप्टन, द्र्यूमोंचा साथीदार मार्क्विस द मोरेस याच्या तलवारीने ठार झाला. त्याच्या अंत्ययात्रेला प्रचंड गर्दी लोटली. मोरेसवर खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. सर्व काही नियमानुसार पार पडले होते! दोनच वर्षांनी कॅप्टन ड्रेफसला अटक झाली तेव्हा हेच दैनिक सर्वांत पुढे ओरडत होते. छापील मजकुराने ज्याची बदनामी केली तोच मेला, ज्याने बदनामी केली त्याचे पत्र जोमात चालू राहिले, आणि संहितेच्या दृष्टीने दोन्ही बाजूंची अब्रू शाबूत राहिली. तू भ्याड आहेस काय, एवढेच द्वंद्वयुद्ध विचारी. तू लिहिलेस ते खरे आहे काय, हे ते कधीच विचारीत नसे.

आणखी एक गोष्ट ते विचारीत नसे, कारण तिचे उत्तर गृहीतच होते. मैदानात कोणाला उभे राहता येते? ज्याला ‘प्रतिष्ठा’ आहे त्यालाच. सेव्हरिन या नावाने लिहिणारी कारोलिन रेमी हिने १८८५ नंतर ‘ल क्री द्यू पप्ल’ हे पत्र काही वर्षे चालवले. १८९७ मध्ये मार्गरीत द्यूरां हिने स्त्रियांनीच लिहिलेले व चालवलेले ‘ला फ्रोंद’ हे दैनिक काढले. या स्त्रियांच्या लेखणीला धार होती, पण संहितेत त्यांना जागा नव्हती. स्त्रीचा अपमान झाला तर तिच्यासाठी पुरुषाने लढायचे. १९१४ च्या मार्चमध्ये ‘ल फिगारो’चा संपादक गास्तों कालमेत याने मंत्री कायो यांच्याविरुद्ध मोहीम चालवली आणि त्यांचे एक खासगी पत्र छापले. आता आपल्या पतीची व आपली आणखी पत्रे चव्हाट्यावर येणार, या भयाने मंत्र्याच्या पत्नीने संपादकाच्या खोलीत जाऊन त्याला गोळ्या घातल्या. तिला ना साक्षी होते ना संहिता. ज्युरीने तिलाही सोडले. लगेचच महायुद्ध सुरू झाले, आणि लाखो तरुणांच्या कत्तलीनंतर हाताला ओरखडा काढून अब्रू राखण्याचा विधी कोणालाच गंभीरपणे घेता येईना. तरी त्याचे एक शेपूट १९६७ पर्यंत लांबले. मार्सेयचा महापौर व एका दैनिकाचा मालक गास्तों दफेर याने संसदेत एका सदस्याला मूर्ख म्हटले, आणि दोघे तलवारी घेऊन खरोखरच एका बागेत लढले.

आपल्याकडे असे काही झाले नाही. मराठी संपादकांत धमक नव्हती म्हणून नव्हे. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या सरकारने एकाच वर्षात दोन कायदे केले. एक देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधणारा आणि दुसरा हत्यारांचा. ‘केसरी’ ४ जानेवारी १८८१ रोजी निघाला तेव्हा हे दोन्ही कायदे अमलात होते. फ्रान्समध्ये त्याच वर्षी जुलैत छपाई मुक्त झाली. पॅरिसच्या संपादकाला छापण्याची मोकळीक आणि कमरेला तलवार, पुण्याच्या संपादकाला दोहोंची बंदी. म्हणूनच कदाचित मराठी पत्रकारितेची सारी हत्यारे नावांत आणि उपमांत शिरली. पुण्यातून भोपटकरांचे साप्ताहिक निघाले त्याचे नाव ‘भाला’. इतिहासाचार्य राजवाडे यांनी चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजाविषयी लिहिलेल्या मजकुराला केशव सीताराम ठाकरे यांनी १९१८ मध्ये पुस्तकाने उत्तर दिले, त्याचे नाव ‘कोदंडाचा टणत्कार’. धनुष्य कागदावरच ताणले गेले, पण ताणणाऱ्याचा आवेश मैदानातलाच होता.

अब्रूचा विधी मात्र आपल्याकडेही होता. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली आणि तेथे चहा आला. कोणी प्याले, कोणी नुसता कप हातात धरला. डॉ. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ या पत्रात छापून दिली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. पॅरिसमध्ये नाव छापून आले की दोन साक्षी दारात येत. पुण्यात नाव छापून आले की ग्रामण्य उभे राहिले. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले, शास्त्र्यांची चौकशी बसली, प्रायश्चित्ते झाली. मुलीच्या सासरी जेवायला पान मांडतील की नाही, श्राद्धाला ब्राह्मण मिळेल की नाही, हे आपल्याकडचे पहिले रक्त. तलवारीचा घाव तरी एकट्यालाच बसतो. वाळीत पडते ते सबंध घर.

याच पुण्यात त्याच काळात दोन संपादकांचे जे भांडण झाले ते फ्रान्सच्या कोणत्याही द्वंद्वयुद्धापेक्षा मोठे होते. त्याची सुरुवात मैत्रीत आहे. कोल्हापूरच्या महाराजांना त्यांचे कारभारी माधवराव बर्वे छळतात, अशा आशयाचा मजकूर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी छापला. आगरकर ‘केसरी’चे संपादक, टिळक ‘मराठा’चे. बर्व्यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद केली. ज्या पत्रांच्या आधारावर लेख लिहिले होते ती बनावट निघाली. दोघांनी दिलगिरी व्यक्त केली, पण शिक्षा टळली नाही. १८८२ साली चार महिन्यांची कैद झाली आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून दोघे बाहेर आले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले आणि शेक्सपियरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे रूपांतरही तेथलेच. पण या प्रकरणातली अधिक मोलाची गोष्ट जामिनाची आहे. हे दोन ब्राह्मण संपादक आणि सत्यशोधक जोतीराव फुले यांच्या विचारांत अंतर केवढे! तरीही फुल्यांच्या शब्दावरून रामशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन भरला, आणि सुटकेनंतर सत्यशोधक मंडळी स्वागतालाही गेली. फ्रेंच संहितेतला साक्षी हा आपल्याच गोटातला मित्र असे. येथे साक्षी म्हणून उभा राहिला तो दुसऱ्या तटावरचा माणूस, आणि त्याने तलवारीच्या लांबीची मापे काढली नाहीत, पैसे भरवले.

त्यानंतर या दोन मित्रांची वाट फुटली. आधी राजकीय सुधारणा की आधी सामाजिक, संमतिवयाचा कायदा सरकारने करावा की करू नये, अशा प्रश्नांवर मतभेद वाढले. ऑक्टोबर १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, वर्षभराने ‘सुधारक’ काढला. मग दर आठवड्याला दोन्ही पत्रांतून जे चालले ते वाचताना आजही कान तापतात. मुद्दा सुटून व्यक्तीवर घसरणे दोन्हीकडून झाले; थोर माणसे म्हणून आपण ते झाकून ठेवतो, पण अंक साक्ष देतात. सनातन्यांनी तर आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली आणि ती त्यांच्या घरावरून नेली. कारेलप्रमाणे आगरकरांवर कोणी गोळी झाडली नाही. दम्याने पोखरलेला हा माणूस आपल्याच अंत्यविधीचा देखावा पाहून पुन्हा लिहायला बसला.

तरीही या भांडणात एक शिस्त होती आणि ती कोणत्याही शातोव्हियारने लिहिलेली नव्हती. ‘सुधारका’त आगरकरांनी मांडलेला मुद्दा ‘केसरी’चा वाचक ‘केसरी’तच वाचू शके, कारण खोडून काढण्यासाठी का होईना, तो तेथे मांडावा लागे. दोघांचा वाचकवर्ग बराचसा एकच होता. लेखकाचे नाव झाकलेले असले तरी लेखणी कोणाची हे गावाला ठाऊक असे. आणि प्रतिपक्षाला उत्तर देणे हे कर्तव्य आहे, हे दोघांनाही मान्य होते. १७ जून १८९५ रोजी आगरकर गेले. दुसऱ्याच दिवशीच्या ‘केसरी’त मृत्युलेख आला, तो सांगताना टिळकांना अश्रू आवरले नाहीत, अशी आठवण त्यांच्या सहवासातील मंडळींनी सांगितली आहे.

येथे थांबून या शिस्तीचे गोडवे गाणे सोपे आहे. पण ती शिस्त कोणाकोणात होती, हेही पाहिले पाहिजे. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक काढले. त्याची जाहिरात, पैसे देऊ केले असतानाही, ‘केसरी’ने घेतली नाही, हे बाबासाहेबांनीच पुढे नमूद करून ठेवले आहे. आगरकरांवर तुटून पडणाऱ्या ‘केसरी’ने ‘मूकनायका’वर तुटून पडण्याचीही तसदी घेतली नाही. फ्रेंच संहितेत याला नाव होते. समोरचा आव्हान देण्यास पात्र नाही असे साक्षींनी ठरवले की त्याच्याशी लढावे लागत नसे; त्याचा अपमान मोजलाच जात नसे. ‘अब्रू’ ही ठरावीक वर्तुळातल्यांची मालमत्ता, बाहेरच्यांना ती असण्याचे कारण नाही, ही समजूत पॅरिसची तशीच पुण्याची. शिवीगाळीपेक्षा हा मौनाचा घाव अधिक खोल असतो, कारण त्याचे उत्तर देण्यासाठी आधी ऐकणारा लागतो.

हे वर्तुळ न्यायालयातही दिसते. ‘देशाचे दुश्मन’ या १९२५ मधील पुस्तकावर टिळक आणि चिपळूणकर यांची बदनामी केल्याचा खटला झाला. दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे व त्यांचे सहकारी यांना खालच्या न्यायालयात शिक्षा झाली. अपिलात त्यांची बाजू बाबासाहेबांनी मांडली आणि ते सुटले. पुस्तकाची भाषा जहाल होती, काही ठिकाणी ती मलाही असह्य वाटते. पण जी भाषा ब्राह्मणेतर समाजाविषयी वर्षानुवर्षे छापली गेली, तिच्याबद्दल किती फिर्यादी झाल्या? स्वतः टिळकांनी लंडनला जाऊन व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारावर अब्रूनुकसानीचा दावा लावला आणि १९१९ मध्ये ते हरले; खर्च प्रचंड आला, तो लोकांनी वर्गणी काढून भरून दिला. टिळकांपाशी लोक होते. ज्याच्यापाशी लोक नाहीत त्याने काय करावे?

हा प्रश्न इतिहासाचा नाही. नंदुरबार जिल्ह्यातील रनाळ्यासारखे गाव घ्या. समजा, एखाद्या शिक्षकाचे नाव बातमीत आले: शालेय पोषण आहाराच्या तांदळात अफरातफर. किंवा एखाद्या पतपेढीतल्या कारकुनाचे. बातमी खरी असेल तर ती छापलीच पाहिजे. गावोगावच्या वार्ताहरांनी अशा बातम्या धोका पत्करून छापल्या म्हणून पुष्कळ तांदूळ मुलांच्या पानात पडला आहे. पण ती खोटी असेल, अर्धवट असेल, आडनावांच्या सारखेपणामुळे भलत्याच माणसावर गेली असेल तर? सकाळी आठ वाजता चहाच्या टपरीवर ती मोठ्याने वाचली जाते. नऊ वाजेपर्यंत कात्रणाचे छायाचित्र मोबाइलवरून दोंडाईच्याला आणि शहाद्याला पोचलेले असते. शाळेत मुले कुजबुजतात. घरात लग्नाची मुलगी असेल तर पाहुणे निरोप पाठवतात की, सध्या राहू द्या. पंचहौदातल्या चहाला एकशे तीस वर्षांहून अधिक काळ लोटला; ग्रामण्याला आता शंकराचार्यांची गरज उरलेली नाही, एवढाच फरक.

या शिक्षकापाशी तलवार नाही, हे बरेच आहे. त्याच्यापाशी कायदा आहे. भारतीय दंड संहितेतील अब्रूनुकसानीची कलमे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आली. शिक्षा दोन वर्षांपर्यंतची साधी कैद, दंड किंवा दोन्ही, आणि आता पर्याय म्हणून समाजसेवाही. ही तरतूद घटनेशी सुसंगत असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये दिला आहे. परंतु त्यासाठी फिर्याद करायची, वकील द्यायचा, तारखांना रजा टाकून जायचे. निकाल लागेपर्यंत मुलीच्या लग्नाचे वय उलटून जाणार. उलट, ज्याच्यापाशी पैसा आणि वकील आहेत असा पुढारी किंवा ठेकेदार हेच कलम छोट्या पत्राच्या संपादकावर उगारतो, तेव्हा ते पत्र वर्षानुवर्षांच्या तारखांनीच मोडून पडते, मग शेवटी निकाल काहीही लागो. फौजदारी अब्रूनुकसानी ही आपल्या काळातली तलवार आहे, आणि तलवारीप्रमाणेच ती ज्याला परवडते त्याच्याच उपयोगाची आहे.

मग फ्रान्सकडून घ्यावे असे काही आहे काय? माझ्या मते आहे, आणि ते ज्या कायद्याच्या सावलीत द्वंद्वयुद्धे माजली त्याच १८८१ च्या कायद्यात आहे. त्याच्या तेराव्या कलमाने, वृत्तपत्रात ज्याचे नाव आले किंवा ज्याच्याकडे ओळखता येईल असा निर्देश झाला, अशा प्रत्येकाला उत्तराचा हक्क दिला. हा हक्क त्याही आधी, १८२२ पासून होता. दैनिकाने उत्तर मिळाल्यापासून तीन दिवसांत ते छापले पाहिजे. ते फुकट छापले पाहिजे. आणि मुख्य म्हणजे मूळ मजकूर ज्या जागी व ज्या अक्षरांत आला होता त्याच जागी व त्याच अक्षरांत ते आले पाहिजे. पहिल्या पानावर बदनामी आणि सातव्या पानावर तळाशी, निविदांच्या शेजारी चार ओळींचा खुलासा, हे तेथे चालत नाही. उत्तर किती लांब असावे यालाही मर्यादा आहे, नाहीतर प्रत्येक आमदाराने रोज अग्रलेखच पाठवला असता. २००४ मध्ये हा हक्क इंटरनेटवरील मजकुरालाही लागू झाला. शूर संपादकांनी या कलमाकडे तुच्छतेने पाहिले, कारण पत्र लिहून उत्तर देणे त्यांना मर्दपणाचे वाटले नाही. पण ज्याला तलवार पेलत नव्हती त्या शाळामास्तराला, दुकानदाराला आणि सेव्हरिनसारख्या बाईला संहितेने जे नाकारले ते या कलमाने दिले: समोरच्याच पत्रात, समोरच्याच वाचकांपुढे उभे राहण्याची जागा.

आपल्याकडे असा वैधानिक हक्क नाही. वृत्तपत्र परिषद १९६६ मध्ये स्थापन झाली, आणीबाणीत गुंडाळली गेली आणि १९७८ च्या कायद्याने पुन्हा आली. तिच्या आचारनियमांत उत्तराला जागा द्यावी, असे स्पष्ट म्हटले आहे. पण परिषद फार तर ताकीद देते, निषेध नोंदवते, दंड करू शकत नाही. संपादकांचा आक्षेप असा की, उत्तराची सक्ती झाली तर धटिंगण लोक पाने अडवतील. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण उत्तर छापणे म्हणजे आपले म्हणणे मागे घेणे नव्हे. बातमी पक्की असेल तर उत्तराखाली दोन ओळींत तसे लिहायला संपादकाला कोणी अडवलेले नाही. टिळक-आगरकर दर आठवड्याला दुसरे काय करीत होते? शिवाय कायद्याची वाट न पाहता एखाद्या जिल्हा दैनिकाला हे उद्याच सुरू करता येईल. ज्या पानावर बातमी, त्याच पानावर तितक्याच मोठ्या मथळ्याखाली उत्तर. वितरण कमी होईल अशी भीती असेल, तर ज्या गावात एका नावामुळे बातमी वाचली गेली त्या गावात त्याच नावाचे उत्तरही तितक्याच आवडीने वाचले जाईल, हे कोणताही एजंट सांगेल.

तोवर ज्याच्यावर प्रसंग येईल त्याला एक वाट मोकळी आहे, आणि ती फारशी कोणाला ठाऊक नसते म्हणून येथे नोंदवतो. प्रथम संपादकाला लेखी पत्र द्यायचे: मजकुरात काय चुकले, खरे काय आहे आणि ते छापावे. पत्राची पोच ठेवायची. उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर नवी दिल्लीच्या वृत्तपत्र परिषदेकडे तक्रार करायची. दैनिक आणि साप्ताहिकाच्या बाबतीत मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत. अर्जासोबत मूळ कात्रण आणि संपादकाला पाठवलेल्या पत्राची प्रत जोडावी लागते. वकील असलाच पाहिजे, असे नाही.